बाळानं पाठ फिरवली, सासूबाईंनी केळं सोललं

मैत्रिणींनो, घरी येऊन तासही झाला नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

पाचवा महिना सरत आलाय. आज ब्राह्मणपुरीहून शहाद्याला सोनोग्राफीला गेले होते, सोबत सासूबाई. आमची स्वतःची केळीची बाग आहे, पण दिवस गेल्यापासून मला एक केळं मिळालेलं नाही. केळं थंड असतं म्हणून सासूबाईंचा एकच हेका, "थंड ऱ्हास ते, बाळले सर्दी हुई जाई!"

डॉक्टर मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत मशीन पोटावर फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळ पाठ करून झोपलंय, हृदय नीट दिसत नाही. काहीतरी गोड खा, थोडं फिरा, परत बघू."

बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तडक समोरच्या फळांच्या गाडीवर गेल्या, दोन केळी आणली आणि एक स्वतः सोलून माझ्यापुढे धरलं. "खाय ले, पोरी."

अर्ध्या तासाने पुन्हा आत गेले, तर बाळ चक्क वळलेलं! हृदयाचे चारही कप्पे दिसले, सगळं व्यवस्थित. ठोके ऐकून मी हसतहसत रडले.

आणि आत्ता ओट्यावर सासूबाई शेजारणींना सांगताहेत, "मी केयं दिधं, तवय बाळ फिरनं!"

तुमच्या घरी कशावर बंदी होती, आणि ती उठवली कोणी? लिहा पटापट. मी दुसरं केळं खात वाचतेय.