मोंबासाच्या तुरी

देवासच्या आमच्या कारखान्यातले आचारीकाका उज्जैनच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरात कुठे खावं हे त्यांनाच विचारायचं. कंपनीची यंत्रं बसवायला आमचे फिटर तिकडे जात. परतलेल्याला काका आधी कँटीनमध्ये बसवत आणि डोळे मिटून विचारत, "काय काय खाल्लं, भिया? त्यात काय घातलं होतं?"

मी निघालो तेव्हा म्हणाले, "बंदराकडून मशिदीच्या गल्लीत वळ. सकाळी एक बाई नारळाच्या रसातल्या तुरी विकते. बिनधास्त खा, शाकाहारी आहे."

अख्खं कँटीन हसलं. तुरी, त्याही नारळात, अन् नाश्त्याला!

बाई तिथंच बसलेली होती. महिनाभर मी दुसरीकडे नाश्ता केला नाही.

परतल्यावर हे मी भर कँटीनमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांनी डाळीऐवजी पातेलंभर तुरी नारळाच्या रसात शिजवल्या. लहानपणापासून नैवेद्य रांधलेला माणूस. शिजवताना कधी चाखत नसे, नुसता वास घेई. पहिली वाटी माझ्यापुढे आली. ताटं घेऊन उभी असलेली सगळी शिफ्ट माझ्या तोंडाकडे बघत होती.

एक घास घेतला आणि मी ओरडलोच, "काका, हुबेहूब तेच!"

लोकांनी ताटं बडवून कँटीन डोक्यावर घेतलं. काकांनी पळी झेंड्यासारखी उंच धरली.

"म्हणजे ती बाई बरोबर करते," ते म्हणाले.