वायरमनच्या घरातला अंधार

गल्लीत लाइट गेली की लोक पहिली हाक मारायचे ती इस्त्रीवाल्या वहिनींना. कारण वहिनींचा नवरा वायरमन. खांब कोसळो, फ्यूज उडो, नाहीतर कुणाच्या पंख्याने मान टाको, माणसं यायची ती वहिनींच्याच दारात. "वहिनी, लाइट कधी येणार हो?" वहिनी इस्त्री उभी करून ठेवायच्या आणि सांगायच्या, "आली की येईल." जीभ मोठी फटकळ. पण ज्याला सुनावलं, त्याच्याच शर्टाच्या कॉलरवरून त्या एक हात जास्त फिरवायच्या, हेही गल्लीला ठाऊक होतं.

त्या घरात एक खूळ होतं, आणि ते सासूबाईंचं. वादळवाऱ्यात मुलगा खांबावर चढायला निघाला की म्हातारी उठून घराचा मेन स्विच खाली ओढायची. "माझं पोर तारेला हात लावणार आणि माझ्या घरात पंखे फिरणार? जमायचं नाही." मुलाने शंभरदा समजावलं, की आई, मी लाइन बंद करून घेतो आणि मगच चढतो, आपल्या घरातल्या स्विचचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. म्हातारी मान डोलवायची आणि पुढच्या वादळात पुन्हा स्विच ओढायची. लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनी तोंड दाबून हसल्या होत्या. मग एकदा नवऱ्याचा कामावरचा जोडीदार खांबावर असताना कुणीतरी चुकून लाइन चालू केली. तो वाचला, पण उजवा हात कायमचा गेला. तेव्हापासून स्विच ओढायचं काम वहिनींनी स्वतःकडे घेतलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून, असं त्या सांगायच्या. कुणाचा विश्वास बसत नसे.

त्या रात्री जेवणं उरकायच्या आतच वारा सुटला आणि लाइट गेली. वायरमनला बोलावणं आलं. त्याने ताट अर्धवट सोडलं, रबरी बूट चढवले आणि "आतल्या खोलीत बसा" एवढं बोलून तो निघाला. बोलण्याची त्याला पहिल्यापासून काटकसर. वहिनींनी दार लावलं, स्विच ओढला. थोड्या वेळाने पुढच्या खोलीची खिडकी चौकटीसकट हलायला लागली. तेव्हा त्यांनी इस्त्रीचं टेबल आडवं करून तिला लावलं, त्याच्यामागे गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी रचली, आणि सासूबाईंना व लेकीला घेऊन त्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत मेणबत्तीपाशी बसल्या.

बाहेर पत्रे उडत होते. कुठेतरी झाड मोडल्याचा आवाज झाला. शाळकरी लेक म्हणाली, "आई, बाबांना फोन करू?"

"वर असतील तर? फोन वाजला आणि लक्ष गेलं म्हणजे?"

लेकीने फोन ठेवला. तसाही तो लागणार नव्हता, वादळात रेंज गेली होती.

"लहानपणी झाडावर सरसर चढायचा," सासूबाई म्हणाल्या, "पण उतरता यायचं नाही मेल्याला. वरून मला हाका मारायचा." मग त्यांनी सुनेला विचारलं, "आता उतरतो ना गं नीट?"

लेक हसली. वहिनींना काही हसू आलं नाही. सगळी गल्ली आता लाइटची वाट बघत असणार, शिव्या घालत असणार. वहिनींचा हिशोब मात्र उलटा होता. लाइट नाही म्हणजे तार मेलेली, आणि तार मेलेली तोवर आपलं माणूस जिवंत. पहिली मेणबत्ती संपली, दुसरी लावली, तरी तो आला नाही.

मग दारावर धडका बसू लागल्या. वहिनींचा नवरा असं दार वाजवणाऱ्यांतला नव्हता. कितीही उशीर झाला तरी शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो कडी हलकेच हलवायचा. असं दार वाजवतात ते निरोप घेऊन आलेले लोक. जोडीदाराच्या बायकोचं दार असंच वाजलं होतं.

"कोण आहे गं?" सासूबाईंनी विचारलं. वहिनी भिंतीला धरून धरून पुढे गेल्या आणि त्यांनी कडी काढली.

दारात नवराच होता. चिखलाने माखलेला, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. आणि त्याच्या मागे गल्लीत घरोघरी दिवे लागलेले. वहिनींना बाजूला सारून तो आत घुसला. मागच्या खोलीत जाऊन त्याने आईच्या डोक्याला हात लावला, लेकीच्या पाठीला लावला, पुन्हा आईच्या डोक्याला लावला.

"कुणाला लागलं नाही ना? छप्पर पडलं नाही?"

"नाही हो. पण तुम्हाला काय झालंय?"

"मग घरात दिवा का नाही? केव्हाची लाइट आली. सगळ्यांकडे उजेड, आपलंच घर काळं. खिडकीत कसला तरी ढिगारा दिसतोय. हाका मारतोय तर कुणी ओ देईना."

"तू तारेवर होतास ना रे?" सासूबाई म्हणाल्या. "मग स्विच कसा लावायचा?"

लेक खुदकन हसली आणि धावत जाऊन तिने स्विच वर केला. उजेडात वहिनींनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. हजारो व्होल्टच्या तारांशी रोजचा व्यवहार असलेला माणूस, पण ओठ पांढरे पडले होते. तो आहे तिथेच जमिनीवर बसला.

वहिनींच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. 'आता कळलं?' जोडीदाराच्या अपघातापासून जपून ठेवलेलं, आणि त्यासाठी याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. फटकळ बाईला असं वाक्य गिळणं सोपं नसतं. वहिनींनी ते गिळलं आणि टॉवेल पुढे केला. "डोकं पुसा आधी."

तो टॉवेल नुसताच धरून बसला. "गल्लीच्या कोपऱ्यापासून दारापर्यंतच आलो गं. तेवढ्यात जीव जायची वेळ आली." मग त्याने विचारलं, "तू दर वेळी अशीच बसतेस?"

"दर वेळी."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते, तर तुम्ही वर चढल्यावर माझा विचार करत बसला असता," वहिनी म्हणाल्या, आणि रात्रभर न आलेलं रडू त्यांना तेव्हा आलं.