दिपोटीसाहेबांना पाठवलेलं उत्तर

तुम्ही मला शहाणा समजून नातवाच्या शाळेबद्दल सल्ला विचारायला आलात, म्हणून आधी हे सांगून टाकतो. चहा घ्या निवांत. ऐकून झाल्यावर सल्ला नकोसा वाटला तर मला राग येणार नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा. जव्हार संस्थानात मास्तर म्हणून लागून दीडेक वर्ष झालं होतं. शाळा मोखाड्याच्या पुढे, दोन कोस चढण चढून गेल्यावर एका पाड्यावर. पाड्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. शाळा म्हणजे कुडाच्या चार भिंती, वर गवताचं छप्पर आणि मागे एक पडवी. त्या पडवीतच माझी चूल. पटावर अठ्ठावीस मुलं, त्यांतली चौघं तिसरीत.

नेमणूक हंगामी होती. दिपोटीसाहेब, म्हणजे संस्थानच्या शाळा तपासणारे अधिकारी, येऊन परीक्षा घेणार. निकाल बरा लागला तर मला कायम करणार, नाहीतर शाळाच दुसऱ्या गावी हलवणार. इतक्या थोड्या मुलांसाठी खर्च का करायचा, असं वर कोणीतरी म्हणत होतं म्हणे. शिवाय वाडा गावात माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. त्या मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कायम झाल्याचा कागद दाखवा, मग मुहूर्ताचं बोलू." आता अशा माणसाच्या घशाखाली घास कसा उतरायचा, तुम्हीच सांगा.

त्यात लाकडांचं प्रकरण उपटलं.

माझ्या आधीच्या मास्तरांपासून तिथे एक चाल होती. शनिवारी शाळा लवकर सुटायची आणि मोठी मुलं मास्तरांच्या चुलीसाठी रानातून लाकडाची मोळी आणायची. मीही ती चाल मोडली नाही. मोडायची कशाला? मला आयती लाकडं मिळत होती. एक दिवस रानाचा रखवालदार पडवीत डोकावला. नऊ मोळ्या रचलेल्या होत्या. त्यानं त्या बोटानं मोजल्या आणि जाताना एवढंच म्हणाला, "मास्तर, रान दरबारचं आहे, ठाऊक आहे ना?"

रागावला असता तर बरं झालं असतं. हा नुसता मोजून गेला. त्या दिवसापासून मी धसकाच घेतला. पायवाटेवर कोणी दिसलं की वाटायचं, आली चौकशी.

आठ दिवसांनी राघो शिपाई जव्हारहून कागद घेऊन आला. कागद मोडीत लिहिलेला. मोडी मी मुलांना शिकवत होतो, नाही असं नाही. पण कचेरीतली मोडी म्हणजे शब्दाला शब्द चिकटलेला, सगळं एका दमात लिहिलेलं. आणि खरं सांगायचं तर कागद हातात घेण्याआधीच त्यात काय असणार हे मला ठाऊक होतं. मग वाचायला कितीसा वेळ लागतो?

मी वाचलं ते असं : "शाळेत मोळी किती आहेत, त्या कोठून येतात, त्यांची व्यवस्था कशी ठेवली आहे, हे सत्वर कळवावे."

'मोळी किती आहेत' हे व्याकरणात बसत नव्हतं. ते मला खटकलं. पण दिपोटीसाहेबांच्या व्याकरणाला हंगामी मास्तरानं बोट कसं लावायचं?

राघो ओट्यावर बसून पाणी पीत होता. त्याला विचारलं, "साहेब रागात होते का रे?"

"मला काय म्हाईत, मास्तर? पण म्हनाले, उत्तर घेतल्याबिगर येऊ नको."

झालं. म्हटलं, आता खोटं बोलण्यात अर्थ नाही, खरं ते लिहावं. फक्त 'मोळी' हा शब्द आपल्या हातानं कागदावर उतरवायला नको. उद्या तोच कागद पुरावा म्हणून पुढे आला तर? म्हणून शब्द टाळून, अगदी शुद्ध बालबोधीत, म्हणजे देवनागरी अक्षरांत, मी उत्तर लिहिलं :

"आज्ञेत विचारल्या त्या आजमितीस नऊ आहेत. आसपासच्या रानातून मिळतात. मोठी मुले शनिवारी जाऊन आणतात. कोणावर जुलूम नाही. मागच्या पडवीत एकीवर एक रचून ठेवल्या आहेत. सुटू नयेत म्हणून मधोमध वेलीने घट्ट बांधल्या आहेत. सर्व वाळलेल्या आहेत, हिरवी एकही नाही. पूर्वीच्या मास्तरांपासूनची चाल असल्याने आम्हीही चालू ठेवली. क्षमा असावी."

दोनदा वाचून पाहिलं. कुठे काही लपवलेलं नव्हतं. राघो कागद मुंडाशात खोचून गेला आणि मी दिवस मोजत बसलो.

चार दिवसांनी तो परत आला, तोही जवळजवळ पळत. या वेळचा कागद बालबोधीत होता. अक्षरं इतकी दाबून लिहिलेली की मागच्या बाजूला उमटली होती.

"तुमचा खुलासा वाचून आमच्या पायांखालची जमीन सरकली. त्या तत्काळ मोकळ्या करून ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या कराव्या. एकीलाही इजा झाल्यास गय होणार नाही. आम्ही स्वतः निघत आहो."

मी तो कागद पुन्हा वाचला. लाकडाला इजा? पण भ्यालेला माणूस असला विचार करत बसत नाही. मला एकच दिसत होतं की साहेब स्वतः निघालेत आणि पडवीत नऊ नाहीत, पाचच आहेत.

चार दिवस मी काय उपाशी राहिलो होतो?

राघो म्हणाला, "मास्तर, लवकर ल्ह्या. साहेब मोखाड्यापत्तुर आले आसतील. फौजदार बी हाय संगं."

फौजदाराचं नाव ऐकल्यावर मी जे लिहिलं, ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो :

"कळविण्यास वाईट वाटते की, आपले पत्र पोचण्यापूर्वीच चार संपल्या. दोन मी स्वतः जाळल्या. पाटलांच्या घरी लग्नाचा स्वयंपाक होता, तिकडे दोन दिल्या. उरलेल्या पाच आज घरोघर पोचवितो. पुन्हा असे होणार नाही."

राघोला वाटेला लावलं आणि मोळ्या परत करायला निघालो. पहिली मोळी डोक्यावर घेतली आणि बुधीच्या दारात नेऊन टाकली. बुधीचा जानू तिसरीत होता. ती नागली पाखडत होती. मोळी बघून तिचे हात थांबले.

"मास्तर, काय झाला? आमचा काय चुकला?"

"काही नाही, बाई. तुमची लाकडं तुम्हाला परत."

"पोराचा नाव काढलास का शालंतना?"

तिकडे लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात अपमान नसतो. मी म्हटलं, "नाव नाही काढलं. वरून हुकूम आहे. लाकडं घ्या आणि काही विचारू नका."

काही विचारू नका असं म्हटल्यावर माणूस काय समजणार? पाचही घरी तेच झालं. संध्याकाळपर्यंत पाडाभर बातमी पसरली की मास्तर रुसले, लाकडं परत केली, आता पोरांची नावं काढणार. पाटील मला भेटायला आले, पण मी तोंड दाखवलं नाही. आत बसून उद्या फौजदारापुढे काय बोलायचं ते घोकत होतो.

सकाळी दार उघडलं आणि खालीच बसलो. अंगणात मोळ्याच मोळ्या. ज्यांच्या घरी मी परत केल्या होत्या त्यांनी दोन दोन आणून टाकल्या होत्या. ज्यांची मुलं पहिलीत होती, ज्यांनी आजवर एक काटकी दिली नव्हती, त्यांनीही आणल्या होत्या. आणि पाटील स्वतः एक जाडजूड मोळी खांद्यावरून उतरवत होते. "मास्तर, राग सोड. ही बघ, सागाची आनलीय."

सागाची. दरबारच्या सागाची. मी त्यांचे पाय धरले. "पाटील, घेऊन जा हो ही. साहेब येतील आत्ता."

तेवढ्यात साहेब आलेच.

पुढे दिपोटीसाहेब, मागे फौजदार. साहेब पन्नाशीचे, सडपातळ, मवाळ चेहऱ्याचे. चढणीनं धाप लागली होती. अंगणातल्या ढिगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एक मोळी ओलांडली, दुसरीला ठेचकाळले, आणि सरळ मागच्या पडवीत शिरले. पडवी रिकामी होती.

ते तसेच बाहेर आले. "मुली कुठे आहेत?"

"कुठल्या मुली, साहेब?"

फौजदार म्हणाले, "बघा. आता कानावर हात."

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुमचं दुसरं पत्र मला मोखाड्यात मिळालं. तेव्हापासून मी पाण्याचा घोट घेतलेला नाही. दोन जाळल्या म्हणता. कोणाच्या होत्या?"

"एक जानूनं आणलेली होती साहेब, एक लाडक्यानं. चांगल्या वाळलेल्या होत्या, धूरसुद्धा झाला नाही."

फौजदारांनी माझा दंड धरला. मी रडकुंडीला येऊन अंगणाकडे हात केला. "साहेब, चारच्या बदल्यात चाळीस घ्या, पण मला सोडा. माझं लग्न व्हायचंय."

साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा त्या ढिगाकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे. मग सावकाश खिशातून माझं पहिलं पत्र काढलं आणि मनाशी वाचू लागले. 'हिरवी एकही नाही' इथपर्यंत आले असावेत, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मी पाठवलेला कागद आणा," ते म्हणाले.

मी आणला.

"वाचा."

मी वाचलं. "शाळेत मोळी किती आहेत..."

फौजदारांनी माझा दंड सोडला आणि ते पाठ फिरवून समोरचा डोंगर बघत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांना वेगळाच घोर लागला. "हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "इतकं वाईट आहे का ते? सगळ्या शाळांना मी हाच कागद पाठवलाय. मुलींच्या शिक्षणासाठी वेगळी तरतूद करायचं चाललंय. तिसरीची मुलं बोलवा."

चौघं आली. साहेबांनी एकेकाला जवळ घेऊन कागद दाखवला. जानूनं वाचलं, "शाळेत मुली किती आहेत." लाडक्यानं वाचलं, "मुली." तिसऱ्यानं वाचलं, "मुली." चौथा देवू. देवू प्रत्येक अक्षराला अडखळायचा. मी, त्या मुलाचा मास्तर, हात जोडून मनात म्हणत होतो की देवा, हा तरी चुकू दे. देवू अडखळत अडखळत गेला, 'मुली'वर क्षणभर थांबला, मग त्यानं तो शब्द बरोबर वाचला आणि खालची साहेबांची सहीसुद्धा वाचून दाखवली.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"मास्तरनं," देवू म्हणाला.

मग साहेबांनी तोच प्रश्न मला तोंडी विचारला. "तर मग, मुली किती?"

"एकही नाही, साहेब."

"का?"

मी म्हणणार होतो की इकडचे लोक पाठवत नाहीत. तसं उत्तर आमच्याकडे तयारच असायचं. पण गर्दीतून बुधी पुढे आली. "मुली पायजे होत्या का? मंग सांगायचा ना. माझ्या दोन हायत घरी. लाकडा मागलीस, लाकडा दिली. मुली कवा मागल्याच नाय तू."

दीड वर्ष मी त्या दारावरून जात होतो. खरंच एकदाही विचारलं नव्हतं. इतक्या सगळ्या भीतीत मला लाज वाटली ती फक्त त्या वेळी.

त्याच दुपारी बुधीच्या दोन आणि पाटलांची एक अशा तीन मुलींची नावं पटावर चढली. साहेबांनी बाकीच्या इयत्तांची परीक्षा घेतली. शाळा हलवायचा विषय त्यांनी काढलाच नाही. माझ्याबद्दल फौजदारांना म्हणाले, "ज्यानं या चौघांना असं शिकवलं त्याला काढू कसा? आणि ठेवू तरी कसा?" शेवटी ठेवला. अंगणातली मोळी ज्यानं आणली त्यानं परत न्यायची, एवढं माझ्यासमोर सर्वांना बजावून ते निघून गेले.

पंधरा दिवसांनी निकालाचा कागद आला. राघोनं तो शाळेच्या दाराला लावला. पाटलांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जानूला पुढे केलं. जानू मोठ्यानं वाचू लागला. गणित ठीक, बालबोध ठीक. मग आलं, "मोडी वाचन. परीक्षेस बसले पाच. उत्तीर्ण चार."

पाटलांनी बोटं मोजली. "मोडीला तं चौघाच पोरा. चौघा बी पास. मंग ह्यो नापास झाला त्यो पाचवा कोन?"

सगळा पाडा माझ्याकडे बघायला लागला.