एका पातेल्यातली डाळ

दादाराव मामांची नोकरी गेली तेव्हा मी त्यांच्याच हातचं जेवत होतो. आणि गप्प होतो.

आज पहाटे मामा गेले.

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. बसवत नाही, उठवत नाही. म्हणून लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

मामा आमच्या चाकणच्या कंपनीच्या कॅन्टीनमधले मुख्य आचारी. मूळचे हिंगोलीकडचे, पण सगळी हयात पिंपरीत गेली. त्यांनी डाळीला लसणाची फोडणी दिली की पेंट शॉपमध्ये कळायचं, जेवायला अर्धा तास उरलाय.

नवीन ट्रेनी पोरं पहिल्या दिवशी बुजतात. थोडंसंच वाढून घेतात. मामा त्यांना हाक मारून परत बोलवायचे आणि अजून एक डाव वाढायचे. आठ तास उभं राहायचंय, लाजून कसं चालेल, म्हणायचे.

मग कॅन्टीनचा कॉन्ट्रॅक्टर बदलला.

नव्या माणसानं दोन काउंटर केले. परमनंट लोकांना घट्ट डाळ. ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना वेगळ्या पातेल्यातली. ती इतकी पातळ की वाटीचा तळ दिसायचा.

काम तेच. लाइन तीच. घाम पण तोच, राव.

मामांनी आठवडाभर दोन डाळी शिजवल्या. मग एका दुपारी दोन्ही पातेली एकत्र केली आणि दोन्ही काउंटरवर तीच डाळ पाठवली.

कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर हॉलमध्येच आला. मामांना बाहेर बोलावलं. मामा नॅपकिनला हात पुसत आले आणि शांतपणे म्हणाले, "एका हातानं दोन चवी मला जमत न्हाईत साहेब."

सुपरवायझर आमच्याकडे वळला. परमनंट लोकांची आजच्या जेवणाबद्दल काही तक्रार आहे का, विचारलं.

तो माझ्याकडे बघत होता. कारण कॅन्टीन कमिटीवर कामगारांच्या बाजूनं मी होतो.

"नाही, डाळ चांगली आहे." एवढंच म्हणायचं होतं.

डाळ खरंच चांगली होती.

मी भात कालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

पुढे मामा लग्नाकार्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागले. रविवारी त्यांच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली की खिचडी तेच करायचे. येईल तो जेवून जायचा, असं ऐकत होतो. पिंपरी काही लांब नाही. पण मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

दोन वर्षांनी मोशीत एका लग्नात जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला हात थांबला. ती फोडणी मी कुठेही ओळखली असती. तसाच उठून मागे गेलो. मामा चुलाणापाशी स्टुलावर बसले होते.

त्या दिवशी बोलायला हवं होतं मामा, चुकलं माझं, असं काहीतरी म्हणालो.

मामा म्हणाले, "तू बोलला न्हाईस ते दिसलं. पण तुझी मान खाली होती, ते पण दिसलं."

मग आता काय करतोस, विचारलं. लाइन लीडर झालो, मी सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं.

"मंग तुझ्या लाइनीतली पोरं काय खातेत?"

दुसरी पंगत बसत होती. मामा उठून कामाला लागले.

पुढच्याच सोमवारी मी ताट घेऊन दुसऱ्या काउंटरवर गेलो. वाढणारा संतोष, मामांच्याच हाताखाली तयार झालेला. तो हळूच म्हणाला, सर, तुमचं कार्ड तिकडचं आहे. मागून कोणीतरी हसलं.

मी परत फिरलो.

खोटं कशाला सांगू, त्यानंतर वर्षभर तिकडे बघितलंसुद्धा नाही.

आज टी ब्रेकमध्ये मोबाईल बघितला. मामांच्या मुलीचा मेसेज. पहाटे झोपेतच गेले. पाच वाजता पिंपरीत अंत्यविधी.

जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा दुसऱ्या काउंटरवर गेलो.

संतोषचे डोळे लाल होते. त्यालाही कळलं होतं. कार्डाचं तो बोललाच नाही. पण सुपरवायझर आला. मला माझ्या रांगेत जायला सांगितलं. मी म्हणालो, मला हीच डाळ पाहिजे.

मागची रांग अडली. कोणी हसलं नाही.

संतोषनं वाढलं. मी ट्रेनी पोरांच्या टेबलावर जाऊन बसलो. खरं सांगतो, डाळ म्हणजे हळदीचं पाणी. माझ्याच लाइनीतली पोरं रोज हेच खातात आणि मी त्यांना टार्गेट विचारतो.

थोड्या वेळानं शेजारी एक ताट आलं. मग अजून दोन. सगळे परमनंट. जेवलो आणि उठलो.

शिफ्ट सुटायच्या आधी एचआरचा फोन आला. उद्या दहाला बोलावलंय. विषय सांगितला नाही.

संध्याकाळी पिंपरीला गेलो. सगळी वस्ती लोटली होती. कंपनीतून आम्ही दोघंच, मी आणि संतोष. मामांच्या मुलीला आज दुपारचं सांगावं असं फार वाटलं. पण ती वेळ नव्हती. आणि माझा पराक्रम तरी केवढा, एक वाटी डाळ.

आता स्मशानाबाहेर गाडीवर बसून हे टाईप करतोय. बायकोचा दोनदा फोन येऊन गेला. संतोष म्हणतोय, सर, उद्याचं होईपर्यंत पोस्ट टाकू नका.

टाकतोय.

उद्या विचारतील, तुमची तक्रार काय?

या वेळी सांगणार आहे.

मामा, फार उशीर केला मी. माफ करा.

शेवटचा जय भीम.