प्रतिपक्षाचा डॉक्टर

"साहेब, मला काय म्हाईत न्हाई. मी शेतात गेलतो."

धोंडिबाचं हे पुन्हा पुन्हा चाललं होतं. बाकावर त्याचा धाकटा भाऊ मारुती हवेतून न दिसणारे धागे ओढत होता. अंग तापलेलं, चेहरा लालबुंद, तोंड इतकं कोरडं की शब्द फुटेना. मधेच तो घरच्या बैलाला हाका मारी. दिंद्रुडहून बैलगाडीतून त्याला माजलगावच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं आणि मी तिथला नवा डॉक्टर होतो.

नवा, पण तरुण नव्हे. आधी मी बी.ए. झालो, सनद काढली आणि याच गावच्या कोर्टात काही वर्षं वकिली केली. मग माझा एक अशील खटला जिंकला आणि निकाल ऐकायच्या आधीच साध्या हगवणीनं गेला. मी सनद पेटीत ठेवली आणि हैदराबादला मेडिकलला नाव घातलं. वर्गातली पोरं मला चाचा म्हणत. प्रोफेसर विचारत, "वकीलसाब, यहाँ किसका मुकदमा है?" वकिली का सोडली याचं नीट उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

तर मारुती. डॉक्टरकीत आधी हिस्टरी घेतात, म्हणजे काय खाल्लं, काय झालं, कधीपासून, हे विचारतात. पेशंट शुद्धीत नसेल तर सोबतच्या माणसाला. इथेच घोटाळा होता. भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात मी पूर्वी मारुतीचा वकील होतो आणि तो दावा अजून चालूच होता. धोंडिबा विरुद्ध बाजूचा. त्याची उलटतपासणी मीच घेतली होती आणि भर कोर्टात त्याला घाम फोडला होता.

"सकाळी यानं काय खाल्लं?"

"आठवत न्हाई."

"उन्हात होता?"

"आसंल. नसंल बी."

"धोंडिबा, मी आता डॉक्टर आहे."

"सनद फाडली का?"

"नाही. पेटीत आहे."

"मंग?"

मी पाटीवर शक्यता लिहायला घेतल्या. ऊन लागलं, मेंदूचा ताप, विषबाधा. मान वाकवून पाहिली, ताठ नव्हती. तरी मेंदूचा ताप नाहीच असं म्हणवेना. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत्या, म्हणून विषाचा संशय येई. पण विष असेल तर घशातून नळी घालून पोट धुवायचं. त्यासाठी चार माणसांनी त्याला दाबून धरायला हवं. दुसरंच काही निघालं तर त्या झटापटीतच तो जायचा. मी एक शक्यता पुसली, परत लिहिली, दुसरी पुसली.

धोंडिबा हळूच म्हणाला, "तुमी कुनाच्या बाजूनं हाव?"

"मारुतीच्या! मरायला टेकलाय तो!"

"त्येच म्हन्तो मी," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

तेवढ्यात कंपाउंडरनं विचारलं, "साहेब, पोलिसांना कळवू का?" धोंडिबानं चटकन उठून कंपाउंडरची वाट अडवली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. याला काहीतरी माहीत आहे. पण पक्षकार समोरच्या वकिलाशी बोलत नाही. बोलतो तो आपल्या वकिलाशी.

कोर्ट दवाखान्याशेजारीच होतं. मी कंपाउंडरला पळवलं आणि धोंडिबाचे वकील अमजदमियाँ यांना बोलावून घेतलं. ते काळ्या शेरवानीतच, धापा टाकत आले.

"काय डॉक्टरसाहेब, आता दवाखान्यात बी पेशी लावता का?"

"अमजदमियाँ, तुमच्या अशिलाला बाहेर न्या. त्याच्या भावाच्या पोटात काय गेलं, एवढंच मला हवंय. जो काय जबाब द्यायचाय तो तुम्हीच द्या."

दोघं लिंबाखाली गेले. धोंडिबानं हुंदके देत त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. अमजदमियाँ परत आले आणि घसा खाकरला.

"आता समजा हं, नुसतं समजा. एका भावाला दमा हाय. लोक धोतऱ्याचा पाला चिलमीत घालून ओढतात, तुमाला ठावं हाय. समजा थोरल्याला वाटलं, ओढून एवढा गुण, तर खाऊन किती यील. समजा त्यानं धोतऱ्याच्या बिया वाटून, गुळात घालून दिलं. चांगल्या मनानं दिलं. आन् वाटणीचा दावा चालू हाय. गाव काय म्हणंल?"

"किती दिलं?"

"समजा, मूठभर."

"कधी?"

"समजा, न्याहारीला."

मी नळी उचलली. चौघांनी धरलं, त्यात पायाशी धोंडिबा होता. नळीतून धोतऱ्याच्या बियांचा चुरा बाहेर आला. पाणी निवळ येईपर्यंत पोट धुतलं. अमजदमियाँ शेरवानीच्या बाह्या सरसावून बादल्या ओतत होते आणि "मी काय पाह्यलं न्हाई" असं बजावत होते.

पोलिसांना मी कळवलं, ते चुकवता येत नव्हतं. दम्याच्या औषधाच्या चुकीनं झालेली विषबाधा, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मारुती शुद्धीवर आला. भाऊ उशाशी पाणी घेऊन बसलेला. पोलिसांपुढच्या जबाबात मारुतीनं सांगितलं, दादानं औषधच दिलं, आणि मीच मागितलं होतं. यातलं मागितल्याचं खरं की खोटं, मला आजवर उमगलेलं नाही. मी उलटतपासणी घेतली नाही.

वाटणीचा दावा मात्र त्यांनी मागे घेतला नाही. चालूच ठेवला.

कॉलेजात शिकवलं होतं, हिस्टरी नातेवाइकाकडून घ्यावी. मी त्यात माझ्यापुरती भर घातली आहे. नातेवाईक बोलत नसेल, तर आधी त्याच्या वकिलाला बोलवावं.