समोरच्या दारातली चौकशी

समोरच्या फ्लॅटमधल्या शालिनीताईंकडे दर हिवाळ्यात मीनल नावाची एक बाई यायची. म्हातारपण कसं जातं याची पाहणी करण्याचं तिचं काम होतं. त्यासाठी निवडलेल्या त्याच माणसांना दरवर्षी भेटायचं असे, आणि त्यांत ताई होत्या. उघड्या दारातून प्रश्न ऐकू यायचे. झोप लागते का? एकटं वाटतं का? ताई सावकाश उत्तरं द्यायच्या आणि इकडे मेथी निवडता निवडता माझा जळफळाट व्हायचा. गुडघे काय त्यांचेच दुखत होते?

यंदा ताई मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या. मीनल माझ्या दाराशी आली. "काकू, त्यांचा नवा पत्ता हवा होता."

"इतक्या लांब कशाला जातेस? मी त्यांच्याच वयाची आहे. मला विचार."

ती ओशाळून हसली. "तसं चालत नाही, काकू. सुरुवातीला निवडलेल्यांनाच शेवटपर्यंत शोधायचं असतं. बदली माणूस घेता येत नाही."

"पत्ता माझ्याकडे असेल हे कुणी सांगितलं?"

"ताईंनीच. 'तुम्ही सापडला नाहीत तर कुणाला विचारायचं?' असं आम्ही प्रत्येकाला आधीच विचारून ठेवतो. त्यांनी पहिल्याच वर्षी तुमचं नाव दिलं."

मी पत्ता दिला. आपण गाव बदललं तरी कुणीतरी विचारत विचारत मागे यावं, यासारखं सुख नाही. हेवा काही गेला नाही. संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला.

"ताई, आज तुम्ही काही सांगू नका," मी म्हणाले. "मी कशी आहे ते विचारा."