लिंडसेकाका उलट चालत आले तेव्हा

हे मी गावाच्या ग्रुपवर लिहिणारच नव्हते. दोनदा पुसलं पण. काकांना कळलं तर चिडतील. पण राहवतच नाहीये.

लिंडसे नोस्के, वय एकसष्ट. आपल्या थेवेनार्ड बंदराच्या धक्क्यावर जिप्समचा दगड जहाजापर्यंत नेणारा एक लांबच लांब बेल्ट आहे, मापं घेऊन खास ह्याच धक्क्यासाठी बनवलेला. त्याच्या कडेनं चालत काका रोज रोलर ऐकतात. हो, ऐकतात! बेल्टखाली शेकडो रोलर फिरतात, एखाद्याचं बेअरिंग गेलं की तो किरकिरायला लागतो. काका तिथे खडूनं फुली मारतात आणि बेल्ट थांबला की फुलीवाले रोलर बदलतात. न बदलला तर रोलर तापतो, रबर पेटतं. तेवीस वर्षं त्यांच्या कानावर सगळे निर्धास्त.

त्या मंगळवारी जहाज लागलेलं. काका या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि खडू खिशातून निघालाच नाही. एकही फुली नाही? असं कधीच झालं नव्हतं. ईस्टरपासून डावा कान दडा बसल्यासारखा झालेला. बायको डॉनला ते सांगायचे, टीव्हीच बिघडलाय. आणि जाताना बेल्ट डावीकडेच असतो.

टोकाला शिफ्टची बॉस जनीन रोजच्यासारखी गाडी घेऊन उभी. "चल बस, चहा गार होतोय."

"तू जा. मी चालत येतो."

"चालत? काल गुडघे गेले म्हणून रडत होतास ना, म्हाताऱ्या!"

काका हसले नाहीत. आल्या वाटेनं उलट निघाले. आता बेल्ट उजव्या कानाशी. पहिली किरकिर. दुसरी. पाचवी. प्रत्येकीपाशी खडूची फुली. सातव्यापाशी तर नाकानंच सांगितलं. जळकं रबर, आणि रोलरखालून धूर.

काकांनी कडेची दोरी ओढली. अख्खा बेल्ट थांबला, जहाज भरणं थांबलं. जनीन धावत आली, पाण्याचा पाइप घेऊन शिफ्टमधली दोन पोरं मागे. धूर थांबल्यावर तिनं मागच्या सहा फुल्या पाहिल्या.

"जाताना ऐकू नाही आले?"

आत्ताच सुरू झाले, एवढं म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. पण उद्या? उद्या त्या दोन पोरांच्या अंगावर पेटलं असतं तर?

"डावा कान गेलाय, जनीन. ईस्टरपासून."

"आणि मला आज सांगतोयस, गाढवा?" मग तिनं हात पुढे केला. काकांनी खडू तिच्या हातावर ठेवला.

तेव्हापासून काका घरीच आहेत, कानाची तपासणी व्हायचीये. पबमध्ये येत नाहीत. आणि काय बोलायचं सुचत नाही म्हणून कोणी त्यांच्याकडे जातही नाही. मीसुद्धा नाही, अजून.

प्लीज जा ना कोणीतरी. याच आठवड्यात जा. त्यांच्या उजव्या बाजूला बसा.